साहेब बदलतात तेव्हा: सैन्याच्या प्रमुखपदाची अदलाबदल नेमकी कशी होते?

मुक्काम_पोस्ट
बरेच दिवस एक किडा डोक्यात वळवळतोय म्हणून धागा काढतोय. आपल्याकडे लष्करप्रमुखाची मुदत तीन वर्षं किंवा वयाची ६२, जे आधी येईल ते. म्हणजे माणूस खुर्चीत बसतो त्या दिवशीच तो कधी उठणार हे कॅलेंडर बघून कुणीही सांगू शकतो. तरी पुढचा कोण हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात.

२०२४ चंच बघा. जनरल मनोज पांडे ३१ मे ला निवृत्त होणार होते. २६ मे ला बातमी आली की एक महिना मुदतवाढ. मग ११ जूनला जनरल उपेंद्र द्विवेदींचं नाव आलं आणि ३० जूनला त्यांनी सूत्रं घेतली. त्याच वर्षी नौदलात ॲडमिरल त्रिपाठींचं नाव जाहीर झालं ते पदभार घेण्याच्या दोन आठवडेही आधी नाही, आणि हवाईदलात एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांचं नाव २१ सप्टेंबरला, चार्ज ३० सप्टेंबरला. मोजून नऊ दिवस. पूर्वी असं नव्हतं, जनरल बिक्रम सिंग यांचं नाव २०१२ मध्ये मार्चच्या सुरुवातीलाच आलं होतं आणि चार्ज मेच्या शेवटी.

तर प्रश्न असा की बाराएक लाखांची फौज अशी नऊ-बारा-एकोणीस दिवसांत हातातून हातात जाते तेव्हा आत काय होतं? नाव आधी जाहीर करावं की उशिरा? इथे फौजेतले बरेच जण आहेत, लिहा.

तिरकस
तारीख ठरली, हॉल बुक, पत्रिका छापल्या. फक्त नवरा कोण ते शेवटच्या आठवड्यात कळवू. आपला नम्र.

कोतवाल_नाना
धागाकर्त्याचा हिशोब बरोबर आहे पण निष्कर्षाकडे जाताना गाडी घसरली. नऊ दिवस म्हणताय ते नाव जाहीर होण्यापासून. तयारी नऊ दिवसांची नसते हो.

वर ज्या तिघांची नावं घेतलीत ते तिघेही प्रमुख होण्याआधी काय होते? आपापल्या दलाचे उपप्रमुख. लष्करात तर सुहाग, रावत, नरवणे, पांडे, द्विवेदी असे ओळीने पाच जण व्हाइस चीफच्या खुर्चीतून शेजारच्या खोलीत गेलेत. व्हाइस चीफकडे काय नसतं? बजेट, खरेदी, रोजच्या फायली सगळ्या त्याच्या टेबलावरून जातात. म्हणजे हा माणूस दुसऱ्या कंपनीतून उचलून आणलेला सीईओ नाही, त्याच घरातला थोरला आहे. त्याला स्वयंपाकघर कुठे आणि दिवाणखाना कुठे हे दाखवावं लागत नाही.

उलट नाव फार आधी जाहीर केलं की काय होतं ते मी एका मुख्यालयात डोळ्यांनी पाहिलंय (कुठलं ते विचारू नका). जुने साहेब अजून दोन महिने होते आणि फायली मात्र नव्यांच्या मर्जीचा अंदाज घेत फिरायला लागल्या. "जरा थांबू या, नवीन साहेबांना काय आवडतंय बघू." जुन्यांच्या सहीला किंमत उरली नाही. तेव्हा मी उशिरा जाहीर करण्याच्या बाजूने.

भोचक
नाना, व्हाइस चीफचा मुद्दा मान्य. पण खरी गंमत तुम्ही दोघांनीही सोडलीत. प्रमुख कोण होणार हे नुसतं कर्तृत्वावर ठरत नाही, आईबापांनी जन्मतारीख कुठली लिहिली त्यावरही ठरतं.

लेफ्टनंट जनरल ६० ला निवृत्त, प्रमुख ६२ ला. द्विवेदींचा जन्म १ जुलै १९६४. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे ३० जून २०२४. आता तारखा जुळवा. पांडेंची मुदतवाढ ३० जूनला संपली आणि द्विवेदी त्याच दिवशी प्रमुख झाले. झाले नसते तर त्याच दिवशी घरी गेले असते. त्यांच्या खालोखाल ज्येष्ठ असलेले लेफ्टनंट जनरल अजयकुमार सिंग, त्यांचीही निवृत्ती त्याच दिवशी. मुदतवाढ आणखी महिनाभर ताणली असती तर दोघेही शर्यतीतून बाद, मग रांगेतला पुढचा कोण ते शोधा.

व्ही. के. सिंग यांच्या जन्मतारखेचा वाद आठवतो ना? १९५० की १९५१. बाहेरच्यांना वाटलं काय हा जनरल एका वर्षासाठी सुप्रीम कोर्टात जातो. अहो, ५० धरलं तर मे २०१२ ला निवृत्ती. ५१ धरलं असतं तर तीन वर्षांची मुदत मार्च २०१३ पर्यंत गेली असती आणि मधल्या काळात बिक्रम सिंगांची साठी भरून ते घरी गेले असते. एका आकड्यावर पुढचा प्रमुखच बदलत होता. शाळेच्या दाखल्यावरचं वर्ष आणि देशाचा सेनापती यांचा इतका जवळचा संबंध असतो हे मला तेव्हा कळलं.

सीमेपलीकडे तर याहून कडेलोट. २०२२ मध्ये असीम मुनीर २७ नोव्हेंबरला निवृत्त होणार होते आणि खुर्ची रिकामी होणार होती २९ नोव्हेंबरला. नाव कधी जाहीर झालं? २४ ला!

तिरकस
@भोचक, म्हणजे बाळंतपणाची तारीख काढतानाच साठ वर्षांनंतरची रिक्त पदं बघून ठेवायची.

(ह. घ्या.)

खट्याळ_खारूताई
सगळे वरच्या एका खुर्चीबद्दल बोलताय. मी खालून सांगते. माझे बाबा फौजेत होते, ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाले.

वरचा एक माणूस हलला की तो एकटा हलत नाही. व्हाइस चीफ प्रमुख झाला की त्याच्या जागी कुठल्या तरी कमांडचा आर्मी कमांडर येतो, त्याच्या जागी कोअर कमांडर, त्याच्या जागी डिव्हिजनवाला, आणि ही साखळी खाली खाली येत शेवटी आमच्या व्हरांड्यापर्यंत पोचायची. आमच्याकडे काळ्या पत्र्याच्या ट्रंका होत्या, पांढऱ्या रंगाने बाबांचं नाव आणि हुद्दा लिहिलेल्या. हुद्दा बदलला की जुन्या अक्षरांवर काळा हात मारून नवीन लिहायचं. एका वर्षी वरची नेमणूक लांबली, त्यामुळे खालच्या सगळ्या बदल्या अडकल्या आणि आमच्या ट्रंका अर्धवट भरून तीन महिने हॉलमध्ये पडून होत्या. मी दहावीत. कुठल्या शाळेत नाव घालायचं हेच ठरेना. आई रोज ट्रंकेतून एक भांडं काढायची आणि वापरून परत आत ठेवायची.

तेव्हा नाना, "उशिरा जाहीर करा" म्हणताना या साखळीचा विचार करा. तुम्हाला वर नऊ दिवस पुरत असतील, खाली शंभर घरं लटकलेली असतात.

कोतवाल_नाना
@खारूताई, हा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता आला. मागे घेतो असं नाही म्हणणार पण विचार करतो.

गेरूचुना
नमस्कार मंडळी. मी क्लार्क केडरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, एका मोठ्या मुख्यालयात साहेब लोकांच्या कार्यालयात सात वर्षं काढली. त्या सात वर्षांत चार जीओसी (मुख्यालयाचे प्रमुख जनरल साहेब) बघितले, म्हणजे तीन अदलाबदली माझ्या टाइपरायटरखालून (नंतर कॉम्प्युटरखालून) गेल्या. सर्वात वरच्या पातळीचं मला माहीत नाही पण पद्धत सगळीकडे तीच असावी.

हँडिंग-टेकिंग ओव्हर म्हणजे लोकांना वाटतं बॅटन दिलं, हस्तांदोलन केलं, फोटो झाला. फोटोला पाच मिनिटं लागतात. त्याच्या मागे एक हँडिंग ओव्हर नोट असते ती मी टाइप करायचो. जागा किती, माणसं किती, गाड्या किती चालू किती बंद, कोर्टात कुठल्या केसेस आहेत, कुठलं बांधकाम अडकलंय, वरून कुठला प्रश्न आलाय आणि त्याला आपण काय उत्तर दिलंय. पहिल्या साहेबांची नोट चाळीस पानी झाली होती. नवे साहेब दोन दिवस आधी आले, ती पूर्ण वाचली, पेन्सिलने मार्जिनमध्ये प्रश्नचिन्हं काढली. एकूण एकतीस. मी मोजली कारण ती खोडून स्वच्छ प्रत मलाच काढायची होती.

आणि नवीन साहेब आले की पहिल्या आठवड्यात काय बदलतं सांगू? झाडांच्या बुंध्यांना नवा गेरू-चुना. मग सकाळच्या रिपोर्टचा नमुना. जुन्यांना उभा कागद आवडायचा, नव्यांना आडवा. जुन्यांना व्हॉलीबॉलची आवड तर सगळं मुख्यालय व्हॉलीबॉल खेळायचं, नवीन आले ते गोल्फवाले, एका रात्रीत लोकांना गोल्फ आवडायला लागला. माझं टोपणनाव त्यावरूनच.

पण खरा बदल तीन महिन्यांनी कळतो, जेव्हा पहिले वार्षिक रिपोर्ट लिहायची वेळ येते. तोवर सगळेच वाकून.

भोचक
गेरूचुना साहेब, कडक सलाम. प्रतिसाद आवडला. चाळीस पानांबद्दल अजून लिहा ना.

अडगळ
मला मूळ प्रश्नातच खोट दिसते. नाव कधी जाहीर करायचं हा दुय्यम प्रश्न आहे. कसं निवडायचं हा खरा. ज्येष्ठता पाळली तर सहा महिने आधी जाहीर करा नाहीतर सहा तास आधी, सगळ्यांना आधीच माहीत असतं. घोळ होतो तो ज्येष्ठता मोडली की.

१९८३ मध्ये उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावलून आपले अरुणकुमार वैद्य प्रमुख झाले, सिन्हांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये बक्षी आणि हरीझ यांना मागे टाकून रावत. २०१९ मध्ये नौदलात बिमल वर्मांना मागे टाकून करमबीर सिंग, तिथे वर्मा लष्करी न्यायाधिकरणात गेले. त्याआधीचं एक, जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि तेवढ्यात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले प्रेम भगत निवृत्त झाले. मुदतवाढ दिली की कुणाला "डावललं" असं म्हणावंच लागत नाही. सोय आहे.

सातबारा
@अडगळ अजिबात सहमत नाही. ज्येष्ठता म्हणजे काय, चाळीस वर्षांपूर्वी अकादमीतून कोण आधी बाहेर पडला! त्यावर सेनापती ठरवायचा? मग निवड मंडळ कशाला, निवृत्तीची यादी भिंतीवर लावा आणि खूण करत जा. सरकारला निवडीचा अधिकार आहे आणि असायलाच हवा, वैद्य काय वाईट प्रमुख होते का? महावीर चक्र दोनदा मिळालेला माणूस.

अडगळ
वैद्य उत्तमच होते. मी ते नाकारलेलं नाही. पण ज्येष्ठतेचा एक फायदा लक्षात घ्या, तिथे कुणाला मंत्र्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागत नाही. एकदा पाच जण स्पर्धेत आहेत असं ठरलं की पाचही जण दोन वर्षं आधीपासून "आपण कुणाला आवडतोय" बघायला लागतात. ती किंमत तुम्ही धरत नाही.

सातबारा
आणि ज्येष्ठतेत पहिला आहे म्हणून दोन वर्षं काहीच न करता, कुठलाही धोका न घेता, फक्त रेकॉर्ड स्वच्छ ठेवत बसणारा माणूस? त्याची किंमत कोण धरणार?

चक्रधर
वाद छान चाललाय पण आपल्या इतिहासात यापेक्षा मोठे धडे आहेत. पन्हाळ्याच्या वेळी नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत, महाराजांनी सरनोबती काढून प्रतापराव गुजरांना दिली. प्रतापराव १६७४ च्या फेब्रुवारीत नेसरीला पडले, हंबीरराव मोहिते सरनोबत झाले आणि जूनमध्ये राज्याभिषेक झाला. मध्ये फौज विस्कळीत झाली नाही. उलट उदाहरण संताजी-धनाजी. १६९६ ला राजाराम महाराजांनी संताजींचं सेनापतिपद काढून धनाजींना दिलं, दोघेही जबरदस्त, पण सैन्यच दोन तुकड्यांत वाटलं गेलं आणि वर्षभरात संताजी मारले गेले. बदली करणं सोपं, बदललेल्या माणसाचं पुढे काय करायचं हे कुणी ठरवलं नाही.

आणि पानिपत. विश्वासराव पडले, भाऊ अंबारीतून उतरून घोड्यावर बसले, लांबून लोकांना रिकामी अंबारी दिसली.

तिरकस
पानिपत आलं. धागा आता दोनशे प्रतिसाद गाठणार.

चक्रधर
हसा. पण मुद्दा तोच आहे. प्रमुख दिसत नाही म्हटल्यावर पुढचा कोण हे शिपायाला माहीत होतं का?

मुक्काम_पोस्ट
चक्रधर यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ठरलेल्या तारखेची अदलाबदल एक आणि अचानक आलेली दुसरी. जनरल बी. सी. जोशी नोव्हेंबर १९९४ मध्ये पदावर असतानाच गेले, शंकर रॉयचौधुरींनी काही दिवसांतच सूत्रं घेतली. ते निभावलं. पण ८ डिसेंबर २०२१ ला हेलिकॉप्टर अपघातात सीडीएस (संरक्षण दलप्रमुख) जनरल रावत गेले, आणि पुढचे सीडीएस जनरल अनिल चौहान यांनी पदभार घेतला ३० सप्टेंबर २०२२ ला. जवळजवळ दहा महिने! मधे जून २०२२ मध्ये नियम बदलून ६२ च्या आतल्या निवृत्त अधिकाऱ्यांनाही पात्र केलं, आणि चौहान मे २०२१ मध्येच निवृत्त झालेले होते.

कोतवाल_नाना
दहा महिने खुर्ची रिकामी राहिली आणि फौज चालली, याचे दोन अर्थ निघतात. एक, यंत्रणा भक्कम आहे. दुसरा मी लिहीत नाही.

दर्यावर्दी
नौदलात वीस वर्षं होतो, खलाशी. थोडं अवांतर.

जहाजावर कमांड बदलते तेव्हा सगळा क्रू डेकवर उभा. दोन कॅप्टन समोरासमोर. आदेश वाचला जातो आणि त्या क्षणापासून जहाज दुसऱ्याचं. मध्ये एक सेकंदही असा नसतो की जहाज कुणाचंच नाही. मग जुने कॅप्टन साहेब व्हेलरमध्ये (वल्ह्यांच्या होडीत) बसतात आणि त्यांचेच अधिकारी वल्ही मारत त्यांना किनाऱ्यावर सोडतात. एकदा आमच्या साहेबांची व्हेलर निघाली तेव्हा एका लेफ्टनंटचं वल्हं हातातून निसटून पाण्यात गेलं. साहेब म्हणाले, राहू दे, मला घाई नाही. सगळे हसले पण साहेब मागे जहाजाकडे बघत होते ते मी पाहिलं.

पद जितकं वर जातं तितका हा "क्षण" पसरट होतो असं मला वाटतं. अमेरिकेतलं २०२३ चं प्रकरण आठवा. एका सिनेटरने राजकीय कारणावरून चारशेहून जास्त बढत्या अडवून धरल्या. मरीन कोअरचे प्रमुख जुलैत निवृत्त झाले, पुढचे जनरल एरिक स्मिथ सिनेटच्या मंजुरीशिवाय काळजीवाहू. म्हणजे प्रमुखाचं काम आणि स्वतःचं उपप्रमुखाचं, दोन्ही एकाच माणसावर. ऑगस्टपर्यंत लष्कर आणि नौदल पण तसंच, तिन्ही दलं मंजूर प्रमुखाशिवाय. सप्टेंबरमध्ये स्मिथना मंजुरी मिळाली तरी त्यांना उपप्रमुख मिळेना. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचं धावताना हृदय बंद पडलं, वाचले. मग चारच दिवसांत उपप्रमुखाची मंजुरी आली.

सातबारा
बाप रे. हे चार दिवसांचं माहीत नव्हतं.

भोचक
आणि बदल करायचाच तर कसा करू नये याचा नमुना म्हणजे १२ ऑक्टोबर १९९९. मुशर्रफ कोलंबोहून परत येत होते, विमान हवेत, आणि खाली नवाझ शरीफांनी त्यांना काढून झियाउद्दीन यांना प्रमुख केलं. हुद्द्याच्या फिती लावल्या, टीव्हीवर बातमी गेली. पण कोअर कमांडरांनी नव्याचा फोनच मानला नाही. विमान कराचीत उतरेपर्यंत सरकार पडलेलं. कागदावर बदल झाला होता, पण ज्यांनी आदेश ऐकायचे त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

तिरकस
एचआरने मेल टाकला पण सर्व्हर डाउन.

अडगळ
@भोचक, त्याच्याच उलट आपल्याकडे डिसेंबर १९९८. ॲडमिरल विष्णू भागवत यांना पदावरून बडतर्फ केलं, त्यावर आजही वाद होऊ शकतो (कृपया इथे नको), पण त्याच दिवशी सुशील कुमार प्रमुख झाले आणि एकही जहाज जागेवरून हललं नाही. आणि २०१४ मध्ये सिंधुरत्न पाणबुडीच्या अपघातानंतर ॲडमिरल डी. के. जोशींनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला तेव्हा उपप्रमुख धोवन यांनी काळजीवाहू म्हणून सांभाळलं, कायम नेमणूक झाली एप्रिलमध्ये.

युद्धस्य_कथा
लढाई चालू असताना? ऑगस्ट १९४२, इजिप्त. ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याच्या प्रमुखपदी जनरल गॉट यांची निवड झाली, त्यांचं विमान ७ तारखेला पाडलं गेलं, ते गेले. मग माँटगोमेरी. चार्ज १५ तारखेला घ्यायचा ठरलेला, या गृहस्थांनी १३ लाच घेतला आणि माघारीच्या सगळ्या योजना जाळायला लावल्या. हँडिंग ओव्हर वगैरे काही नाही. कधी कधी जुन्याची नोट न वाचणं हेच बरं असतं.

कोतवाल_नाना
माँटगोमेरी सगळ्यांना परवडत नाहीत हो. प्रत्येक नव्या साहेबाने आल्या आल्या जुन्याची योजना जाळली तर तीन वर्षांत तीन वेळा नवं धोरण. रणगाडा घ्यायला वीस वर्षं लागतात आणि प्रमुख तीन वर्षं टिकतो. ज्याने मागणी केली तो कधीच ती वस्तू बघत नाही.

बरं मूळ प्रश्नाकडे येतो. खारूताईंचं वाचून माझं मत थोडं हललंय. दोन महिने आधी जाहीर करावं. पण त्या दोन महिन्यांत जुन्या प्रमुखाने मोठ्या बदल्या आणि मोठ्या खरेद्या नव्याला विचारल्याशिवाय करू नयेत, आणि नव्याने तोंड उघडू नये. लेखी नियम नको, हे समजून वागायचं.

खट्याळ_खारूताई
धन्यवाद नाना. आईला सांगते.

सातबारा
दोन महिने सहमत. "तोंड उघडू नये" ला डबल सहमत. मुलाखती देत फिरणारे भावी प्रमुख नकोत.

मुक्काम_पोस्ट
गेरूचुना, जाता जाता, भोचक यांनी चाळीस पानांचं विचारलं होतं. सगळं त्यातच असतं का? मला वाटतं खऱ्या गोष्टी कुणी टाइप करायला देत नसेल.

गेरूचुना
बरोबर ओळखलंत. पहिल्या अदलाबदलीच्या वेळी साहेबांनी एक पान हाताने लिहिलं, माझ्यासमोर घडी करून लखोट्यात घातलं. लाख मीच लावली. वर फक्त नव्या साहेबांचं नाव. वाचलं नाही, शपथेवर सांगतो.

नव्या साहेबांनी दुपारी तो फोडला, मी बाहेरच्या खोलीत. दहा मिनिटांनी बेल वाजली. चाळीस पानं बाजूला तशीच पडलेली. म्हणाले, सुभेदार मेजर साहेबांना बोलवा.

भोचक
आणि???

गेरूचुना
आणि काय. ते आत गेले, दार लावून घेतलं. दीड तास. चहा आत नेऊ का विचारायला गेलो तर आतून आवाज आला, नंतर.